गिरणीत शिरलेलं चाक

१७९६ साली आयर्लंडच्या लिनन बोर्डानं, म्हणजे जवसाच्या तंतूपासून होणाऱ्या कापडाच्या सरकारी मंडळानं, शेतकऱ्यांना आमिष दाखवलं. पाव एकर जवस पेरणाऱ्याला सूत कातायचं एक चाक फुकट, एकरभर पेरणाऱ्याला चार आणि पाच एकर पेरणाऱ्याला अख्खा माग. बक्षीस मिळालेल्या जवळपास ६०,००० जणांची यादी छापली गेली. १९२२ साली डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला, त्यात जुन्या जनगणनांचे कागद गेले. त्यामुळे पूर्वजांचा माग काढणारे आयरिश लोक आजही हीच यादी चाळतात. मला त्या यादीत दिसतो तो धंदा. शेतकऱ्याच्या घरातलं कातकाम तेव्हा इतकं मोलाचं होतं, की सरकारी मंडळानं त्यात पैसा ओतला.

मी लालबागचा, गिरणीत स्पीड फ्रेम या कताईखात्यातल्या यंत्रावर फिटर होतो. मुलगी बेलफास्टला असते, म्हणून जवळच्या लिझबर्नचं लिनन संग्रहालय बघणं झालं. तिथल्या चाकाला सुताला पीळ देणारा फ्लायर दिसला आणि पुढचं सगळं माझ्या ओळखीचं निघालं.

जवस आपल्याकडे तेलाचं आणि चटणीचं. तिकडे ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग अंबाडीचा वाख काढावा तसं पाण्यात कुजवायचं, वाळवायचं, कुटायचं आणि शेवटी लोखंडी दात्यांवरून विंचरायचं. हाती राहतो तो हातभर लांब तंतू. तो काठीला गुंडाळून चाकाशेजारी उभा करतात. बाई बसून पायानं पावटी दाबते, दोन्ही हात मोकळे. बोटं थुंकीनं किंवा वाटीतल्या पाण्यानं ओली करून ती तंतू ओढत राहते. इंग्रजी U अक्षरासारखा फ्लायर फिरून सुताला पीळ देतो. फ्लायर आणि बॉबिन यांच्या वेगात फरक असतो, म्हणून पीळ पडता पडताच सूत गुंडाळलंही जातं. मधे थांबायला नको.

लोकरीचं चाक याहून जुनं आणि उंच. त्याला पावटी नाही, फ्लायर नाही, नुसती चाती. बाई उभी राहून एका हातानं चाक फिरवते, दुसऱ्या हातात पिंजलेल्या लोकरीचा पेळू धरून मागे मागे चालत जाते. मग थांबायचं, चाक थोडं उलटं फिरवायचं आणि चातीवर सूत गुंडाळत पुन्हा पुढे यायचं. १४व्या शतकातल्या इंग्लंडच्या लट्रेल साल्टर या पोथीत अशी बाई रंगवलेली आहे. हे चाक युरोपात पूर्वेकडून आलं. सुरुवातीला त्याच्यावर भरवसा नव्हता. जर्मनीतल्या श्पायरच्या कापडवाल्यांनी चाकावरचं सूत बाण्याला चालेल, ताण्याला नाही, असा नियम केला होता.

आता गंमत बघा. १७६४च्या सुमारास इंग्लंडमध्ये हारग्रीव्ह्जनं जेनी हे कातायचं यंत्र बनवलं. ते म्हणजे लोकरीचं चाकच, फक्त एकाऐवजी आठ चात्यांचं. १७६९ साली तिथल्याच आर्कराइटनं आपल्या कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात सूत ओढायला रूळ आले, पण पीळ द्यायला जवसाच्या चाकावरचाच फ्लायर राहिला. आमच्या स्पीड फ्रेमवरही तोच. फक्त एका फ्रेमवर शंभराच्या आसपास.

फ्लायर मुळात कुणाचा? बरीच वर्षं त्याचं श्रेय ब्रन्सविकच्या युर्गन नावाच्या माणसाला आणि १५३० सालाला दिलं गेलं. पण १४८०च्या सुमाराच्या एका जर्मन हस्तलिखितात फ्लायरचं चाक काढलेलं आहे, म्हणजे ती गोष्ट टिकत नाही. बहुधा एखाद्या सुताराचं डोकं असावं, आणि त्याला शेजारून सांगणारी एखादी कातणारी. पेटंटच्या कागदावर अशी नावं येत नाहीत.

कापसाला यंत्रं लगेच मानवली, जवसाला नाही. त्याच्या तंतूतला डिंक सुटल्याशिवाय बारीक सूत निघत नाही. १८२५ साली प्रेस्टनच्या जेम्स के यानं तंतू पाण्यात भिजवून कातायची रीत पेटंट केली. घरोघरच्या बायका ओल्या बोटांनी करत होत्या तेच काम, फक्त हौदात. बेलफास्टच्या यॉर्क स्ट्रीटवरची मुलहोलंड यांची कापसाची गिरणी १८२८ साली जळाली, ती १८३० साली जवसाच्या कताईसाठी पुन्हा उभी राहिली. पुढच्या काही वर्षांत बेलफास्टभोवतीच्या अल्स्टर प्रांतातल्या घरोघरच्या चाकांची मिळकत आटली.

ओल्या कताईच्या खात्यात गरम वाफ, पायाखाली पाणी, आणि त्यात अनवाणी उभ्या मुली. त्यांच्या आज्या चूल पेटवायला, गाय दोहायला चाकावरून मधेच उठत असत. नातींना भोंगा झाल्याशिवाय जागचं हलता येईना. हे मला कुणी समजावून सांगायला नको. भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, लालबागेत आमचंही तेच होतं.