आपण आणि आम्ही

आपण आणि आम्ही : मराठीतील प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामे. ऐकणाऱ्याला सोबत धरायचे तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचे तर ‘आम्ही’. हा भेद गुजरातीत (आपणे, अमे) आणि तमिळ, तेलुगू या द्राविडी भाषांतही आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये तो नाही. रोजच्या बोलण्यात त्याचे मोल मोठे. दारात आलेल्या शेजारणीला ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटले, की ती उंबऱ्यावरूनच परतते. ‘या, आपण जेवायला बसू’ म्हटले, की तिचेही पान मांडले जाते. नव्या सुनेच्या तोंडचे ‘तुमच्याकडे’ जाऊन ‘आपल्याकडे’ कधी येते, याकडे घरातल्यांचे कान असतात. खरे तर तो शब्द तिच्याकडून मागण्याआधी घरच्यांनीच तिला द्यायला हवा. ‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे : ‘आपण कुठून आलात?’ कोणता अर्थ घ्यायचा ते क्रियापद सांगते. ‘आपण जाऊ’ म्हणजे दोघांनी, ‘आपण जावे’ म्हटले तर बहुधा समोरच्याने. मुंबईच्या बोलीत मात्र ‘आपण नाय येणार’ म्हणणारा फक्त स्वतःबद्दल बोलत असतो.