सर्पगंधा, रेसर्पिन आणि सर्पविषनिर्मितीचे मज्जानियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
साप दंश करतो तेव्हा विषग्रंथीभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो व विष बाहेर पडते. ही क्रिया मज्जासंस्थेच्या आज्ञेने होते. परंतु रिकामी झालेली ग्रंथी पुन्हा विष तयार करू लागते, ती कोणाच्या आज्ञेने? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. त्यामागे एका भारतीय वनस्पतीचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

मुळीपासून औषधापर्यंत :
सर्पगंधेची मुळी आपल्याकडे परंपरेने सर्पदंश व मनोविकार यांवर वापरली जात असे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाकडे लक्ष वेधले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा त्यावरील निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. रेसर्पिनमुळे अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता होतो, हे पुढे सिद्ध झाले. अशा रीतीने औषध हेच संशोधनाचे साधन बनले.

ब्राझीलमधील प्रयोग :
साओ पाउलो येथील बुटान्टन संस्था १९०१ पासून सर्पविष व प्रतिविष यांवर कार्य करीत आहे. तेथील नोर्मा यामानौये व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जराराका सापांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रेसर्पिन दिलेल्या सापांचे विष काढून घेतल्यावर त्यांच्या ग्रंथींत नवे विष तयार झाले नाही. मात्र नॉरॲड्रेनॅलिनच्या ग्राहींना उद्दीपित करणारी औषधे देताच विषनिर्मिती पूर्ववत सुरू झाली. म्हणजेच विषनिर्मितीचा आरंभ अनुकंपी मज्जासंस्थेच्या संदेशाने होतो.

निष्कर्ष :
या इतिहासावरून ‘पूर्वजांना हे ठाऊकच होते’ असा निष्कर्ष काढणे सोपे, पण चुकीचे ठरेल. रेसर्पिनने सापाच्या ग्रंथीतील विषनिर्मिती थांबली. माणसाच्या शरीरात भिनलेले विष त्याने उतरत नाही. त्यावर प्रतिविष हाच सिद्ध उपाय आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. झाडपाल्याच्या उपचारांत वेळ दवडणे आजही जिवावर बेतते. म्हणून परंपरेचे ऋण मान्य करतानाच तिचा प्रत्येक दावा तपासून घेणे, हे विज्ञानेतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.