जर्मनीला चाललात? सही करण्याआधी विम्याचा इतिहास वाचा

जर्मनीतल्या नोकरीचे पत्र हातात पडले, की घर, बँक खाते, गरम कपडे या गडबडीत एक फॉर्म तुमच्यापुढे येतो. त्यात विचारलेले असते: आरोग्यविमा सार्वजनिक की खासगी? बरेच जण हा प्रश्न मोबाइलचा प्लॅन निवडावा तसा सोडवतात. तिशीतला धडधाकट माणूस, खासगीचा हप्ता कमी, डॉक्टरची वेळ लवकर मिळते, म्हणून खासगी. माझ्याकडे फिटनेस तपासायला येणाऱ्या मुलामुलींना मी सांगतो की जरा थांबा. हे दोन विमे म्हणजे एकाच वस्तूच्या दोन किमती नव्हेत. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या भीतींतून त्यांचा जन्म झाला, आणि ती भीती त्यांच्या नियमांत आजही दिसते.

पहिली भीती राज्यकर्त्यांची होती. कामगारांनी आजारपणासाठी वर्गणी काढण्याची प्रथा त्या प्रदेशात फार जुनी. गोस्लारजवळच्या खाणींच्या संदर्भात १२६० सालच्या दस्तऐवजात अशा खाणकामगारांच्या मदतमंडळाचा उल्लेख सापडतो. मात्र देशभर सक्तीचा विमा आणला तो बिस्मार्कने. हा माणूस काही कनवाळू समाजसुधारक नव्हता. १८७८ साली सम्राट पहिल्या विल्हेल्मवर दोनदा हल्ला झाला, त्याच वर्षी बिस्मार्कने समाजवाद्यांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि मग एका हातात दंडुका असताना दुसऱ्या हाताने कामगारांना सरकारशी बांधून घ्यायचे ठरवले. १५ जून १८८३ रोजी आजारविम्याचा कायदा झाला. समाजवादी खासदारांनी त्याच्या विरोधात मत दिले, कारण हे आमिष आहे हे त्यांना कळत होते.

तरीही त्या कायद्यातली कल्पना काळाच्या पुढची होती. हप्ता पगाराच्या प्रमाणात, त्यातले दोन भाग कामगाराचे आणि एक भाग मालकाचा. त्या बदल्यात डॉक्टर, औषधे, आणि काम बुडाले तर १३ आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी. त्या काळात डॉक्टरकडे देण्यासारखे इलाजच मोजके होते, त्यामुळे कामगाराच्या दृष्टीने खरी किंमत या मजुरीला होती. हे पैसे सरकार सांभाळत नसे, तर ‘कासे’ म्हणजे आजार-निधी सांभाळत. आजही जर्मनीतला ‘सार्वजनिक’ विमा सरकारी खाते चालवत नाही. असे अनेक निधी तो कायद्याच्या चौकटीत राहून चालवतात. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा: हप्ता तुमच्या कमाईवर ठरतो, तुमच्या तब्येतीवर नाही.

सुरुवातीला या छत्राखाली साधारण दहातला एकच माणूस होता. पुढे छत्र वाढत गेले, तशी आमच्या व्यवसायातली मंडळी अस्वस्थ झाली, कारण कोणत्या डॉक्टरला काम द्यायचे आणि किती पैशांत हे निधी ठरवू लागले. १९०० साली लाइपझिगमध्ये हर्मान हार्टमान नावाच्या डॉक्टरने संघटना काढली, मग संप झाले, आणि देशभराचा संप तोंडावर आला असताना १९१३ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये दोन्ही बाजूंचा करार झाला. ‘खासगी पेशंटला वेळ लवकर का मिळते?’ या प्रश्नाचे मूळ इथवर जाते. निधीकडून मिळणाऱ्या पैशाला ठरावीक बंधने आहेत, तर खासगी पेशंटचे बिल वेगळ्या दरपत्रकाने, बहुतेकदा बऱ्याच जास्त दराने होते. त्याचे आजारपण जास्त तातडीचे असते असा त्याचा अर्थ नाही, हे डॉक्टर म्हणून मला सांगितले पाहिजे.

दुसरी भीती मध्यमवर्गाची. वकील, दुकानदार, अधिकारी यांना बिस्मार्कच्या सक्तीत जागा नव्हती. आजारी पडलो तर साठवलेल्या पैशातून भागवू, असा त्यांचा हिशेब. १९२३ च्या महागाईने तो मोडला. पावाच्या किमती अब्जांत गेल्या आणि आयुष्यभराची बचत कागद झाली. त्यानंतरच्या वर्षांत खासगी आरोग्यविमा झपाट्याने वाढला. ज्यांना सार्वजनिकात शिरता येत नव्हते, त्यांनी आपापल्या जोखमीनुसार पैसे भरून घेतलेले हे संरक्षण. म्हणून तिथे हप्ता तुम्ही कोणत्या वयात आलात, कोणते आजार घेऊन आलात आणि किती सोयी मागितल्या यावर ठरतो. तुमचा पगार उद्या निम्मा झाला, तरी हप्त्याला त्याचे काही देणेघेणे नसते.

पुढच्या काळात सार्वजनिक बाजूला दोन गोष्टी जोडल्या गेल्या आणि त्या तुमच्या घराशी थेट संबंधित आहेत. १९३० पासून कामगाराच्या कुटुंबाचे उपचार निधींना बंधनकारक झाले, आणि १९४१ साली पेन्शनर आत आले. आज सार्वजनिक विम्यात न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुले वेगळा हप्ता न भरता येतात. खासगीत प्रत्येक डोक्याला वेगळा हप्ता. ‘एकट्यासाठी किती स्वस्त!’ म्हणणाऱ्याने दोन मुलांसह तोच हिशेब मांडून पाहावा.

आता आपल्या लोकांकडे येऊ. २००० साली जर्मनीत संगणकतज्ज्ञांचा तुटवडा होता आणि चान्सलर श्रोडर यांच्या सरकारने १ ऑगस्टपासून ‘ग्रीन कार्ड’ योजना सुरू केली. पदवी हवी, नाहीतर वर्षाला एक लाख मार्क पगार, आणि मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षे. विरोधी पक्षाच्या एका नेत्याच्या प्रचारातून ‘भारतीयांऐवजी मुले’ अशा अर्थाची घोषणा तेव्हा गाजली. एवढा चांगला पगार असलेल्याला खासगी विमा निवडायची मुभा होती. पाचच वर्षे राहायचे असेल तर तो हिशेबही चुकीचा म्हणता येणार नाही. पण माणूस पाच वर्षांसाठी जातो, मुले तिथे शाळेत जातात, घर होते, आणि पंचवीस वर्षे निघून जातात.

नेमक्या त्याच वर्षी, जुलै २००० पासून, जर्मन संसदेने दुसरे एक दार जवळजवळ लावून घेतले. तरुणपणी स्वस्त खासगीत राहायचे आणि म्हातारपणी, आजार सुरू झाल्यावर, सार्वजनिकात परतायचे, हा मार्ग वापरणारे बरेच होते. नव्या नियमाने वयाची ५५ वर्षे ओलांडल्यावर खासगीतून सार्वजनिकात येणे व्यवहारात अशक्य झाले. म्हातारपणचा हप्ता आवाक्यात राहावा म्हणून २००० पासूनच नव्या खासगी करारांत १० टक्के जादा आकार घेऊन तो राखीव ठेवला जातो. ही राखीव गंगाजळी चांगली आहे, पण तुम्ही देश सोडून पुण्याला परत आलात तर ती सहसा बरोबर येत नाही. आणि तिथेच राहिलात, तर पेन्शन लहान आणि हप्ता तसाच मोठा, ही गाठ पडू शकते. सार्वजनिकातल्या पेन्शनरचा हप्ता मात्र पेन्शनबरोबर कमी होतो.

२००९ पासून जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला विमा सक्तीचा आहे. सुमारे नव्वद टक्के लोक सार्वजनिकात आहेत. अनेकांना निवड करावीच लागत नाही. २०२५ साली वर्षाला ७३,८०० युरोपेक्षा कमी पगार असलेला नोकरदार आपोआप सार्वजनिकात जातो. हा आकडा दरवर्षी बदलतो, त्यामुळे आपल्या वर्षाचा पाहा. पगार त्याहून जास्त असेल आणि जर्मनीतली ही तुमची पहिलीच नोकरी असेल, तर स्वेच्छेने सार्वजनिकात जाण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. ती निसटू देऊ नका. विमा विकणारा माणूस या मुदतीबद्दल फारसे बोलत नाही.

विद्यार्थ्यांसाठी तिशीची रेघ महत्त्वाची. तिशीच्या आत विद्यार्थी-दराने सार्वजनिक विमा मिळतो. तो नाकारून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. तिशीनंतर थेट भारतातून शिकायला जाणाऱ्याला बहुतेक वेळा खासगीच घ्यावा लागतो. तेव्हा सर्वांत स्वस्त ‘परदेशी पाहुण्यांचा’ विमा घेण्याआधी त्यात जुने आजार, मानसिक उपचार आणि बाळंतपण आहे का, ते वाचा.

जुन्या आजारांवरून एक सांगतो. सार्वजनिक निधी तुमची शुगर, थायरॉइड, बीपी विचारून दार बंद करू शकत नाही. खासगी कंपनी विचारते, जादा हप्ता लावते, एखादा आजार वगळते किंवा सरळ नकार देते. मग आमच्याकडे विनंती येते, ‘डॉक्टर, सर्टिफिकेटमध्ये शुगरचं लिहू नका ना.’ मी लिहितो. लपवलेला आजार नंतर उघड झाला तर कंपनी करारातून माघार घेऊ शकते, आणि तो उघड होतो तो नेमका मोठे बिल आल्यावर. जाताना जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी, औषधाच्या मूळ नावासह, इंग्रजीत घेऊन जा.

आईवडिलांना दोन-तीन महिने बोलावणार असाल, तर ते तुमच्या कुटुंब-विम्यात बसत नाहीत. शेंगेन व्हिसासाठी त्यांना किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो. त्यात आधीपासूनच्या आजारांचे उपचार बहुधा वगळलेले असतात किंवा जिवावर बेतल्यावरच मिळतात. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असेल तर तिकीट काढण्याआधी पॉलिसीतला तो परिच्छेद काढून, बारीक अक्षरांसकट, मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा.