शूलपाणीच्या झाडीतला पाहुणा

नर्मदा एकूण १,३१२ किलोमीटर वाहते. त्यातला जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे आणि तो सगळाच्या सगळा नंदुरबार जिल्ह्यात आहे. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतले सातपुड्याचे डोंगर इथे थेट नदीत उतरतात. परिक्रमावासी या मुलखाला शूलपाणीची झाडी म्हणत. नुसत्या नावानेच भल्याभल्यांच्या पोटात गोळा येई.

परिक्रमेचे नियम कडक. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही. पैसा बाळगायचा नाही. सदावर्तात किंवा भिक्षेत मिळेल ते खायचे. चातुर्मासात एका जागी थांबायचे. जुन्या रीतीने पूर्ण फेरीला ३ वर्षे, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. एवढे सगळे सोडून निघालेल्या माणसाजवळही एखादी घोंगडी, भांडे, मूठभर पीठ राहतेच. झाडीत तेही जाई. तिरकमठे घेतलेले भिल्ल आडवे येत, सगळे उतरवून घेत आणि लंगोटीवर सोडून देत. जिवाला सहसा धक्का लावत नसत. यात्रेकरू त्यांना 'मामा' म्हणत. नर्मदा आई, तेव्हा तिच्या काठचा माणूस मामाच! लुटणाऱ्याला असे नात्यात ओढून घेणारी यात्रा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत अनेकांच्या लेखणीमुळे मराठी वाचकाला ही वाट घरबसल्या ठाऊक झाली आहे. लुटीचा अर्थही ठरून गेला आहे : मैया परीक्षा घेते, उरलासुरला मोह काढून घेते. यात्रेकरूच्या बाजूने हे खरे असेल. ज्याच्याजवळ काहीच उरले नाही, त्याला दुसऱ्याच्या दारातल्या भाकरीची किंमत कळते. पण मला हा अर्थ अर्धाच वाटतो. घोंगडी नेणाऱ्याला थंडी वाजत होती का, हे त्यात कोणी विचारत नाही.

इतिहासात त्याचे थोडे उत्तर आहे. खानदेशातले भिल्ल नाईक घाटवाटांची राखण करत आणि त्याबद्दल हक्क वसूल करत. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा हे डोंगर धुमसत होते. त्यांनी काही नाईकांना तनखे बांधून दिले, १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्लांची पलटण उभी केली. पुढे १८७८ च्या कायद्याने राखीव जंगले आली आणि ज्या रानावर पोट होते तिथे शिरणे हाच गुन्हा ठरू लागला. वाटसरू मात्र प्रत्येक काळात 'झाडीतले लुटारू' एवढेच सांगत राहिला.

याच डोंगरांच्या पायथ्याशी, तळोदे तालुक्यातल्या मोरवडला, १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी आपल्या भिल्ल बांधवांना दारू सोडायला, रोज आंघोळ करायला आणि एकमेकांना 'आप' म्हणायला सांगितले. सोमवारच्या आरतीला हजारो माणसे चालत येत. १९३८ मध्ये महाराज गेले; 'आप की जय' म्हणणारी घरे आजही या भागात आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अरेतुरेच ऐकावे लागले, त्यांनी आपसांत आदरार्थी बोलायला लागणे ही माझ्या मते परिक्रमेच्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठी घटना आहे.

मग धरण आले. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जिल्ह्यातली ३३ गावे सापडली. महाराष्ट्राच्या बाजूचे त्यातले पहिले गाव मणिबेली. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही बुडाले. नवे गोऱ्याला बांधले. २०१७ मध्ये धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीचे झाले.

आता पुष्कळसे परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा अशा सडकेने जातात. लूट ही जुनी गोष्ट झाली आहे. जे डोंगरातून जातात त्यांना पाड्यावर मुक्काम पडतो, मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर मिळते. देणाऱ्याच्या घरात उद्यापुरते पीठ असेलच असे नाही. सकाळी 'नर्मदे हर' म्हणून पाहुणा निघाला, की घरातले एखादे पोर वाट दाखवायला डोंगराच्या सोंडेपर्यंत सोबत येते. त्याच्या आजोबांच्या वेळी ही वाट खालून, नदीच्या काठाकाठाने होती.