एका क्लिकचा पंचनामा : दोन ब्राउझरांचा तह

१/ पडद्यावरचे बटण दाबले की ब्राउझर त्या क्षणाचा पंचनामा करतो : काय घडले, कोणत्या घटकावर घडले, माउस कोठे होता, कोणती कळ दाबलेली होती. जावास्क्रिप्टमध्ये यालाच 'इव्हेंट ऑब्जेक्ट' म्हणतात. त्याचे नियम नवशिक्यांना विचित्र वाटतात, कारण त्यांच्यामागे एक जुने वैर आहे.

२/ मे १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. १९९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर २ बरोबर ती लोकांपर्यंत पोहोचली. 'ऑनक्लिक' लिहिताच निर्जीव बटण प्रतिसाद देऊ लागले.

३/ १९९७. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही ब्राउझरांची चौथी आवृत्ती आली. नेटस्केपने हा पंचनामा थेट फंक्शनच्या हाती दिला. मायक्रोसॉफ्टने तो 'विंडो.इव्हेंट' या सामायिक जागी ठेवला. घटनास्थळाला एकाने 'टार्गेट' म्हटले, दुसऱ्याने 'एसआरसी-एलिमेंट'.

४/ खरा वाद दिशेचा होता. बटण चौकटीत, चौकट पानात. मग क्लिकची वार्ता प्रथम कोणाला? नेटस्केप म्हणे, वरून खाली : कॅप्चरिंग. मायक्रोसॉफ्ट म्हणे, खालून वर, पाण्यातल्या बुडबुड्यासारखी : बबलिंग.

५/ झळ बसली ती पाने रचणाऱ्यांना. एका ब्राउझरात चालणारे पान दुसऱ्यात मुके होई. म्हणून फंक्शनच्या आरंभीच विचारणा करावी लागे : पंचनामा हाती आला आहे काय? नसल्यास 'विंडो'कडून घ्यावा.

६/ १३ नोव्हेंबर २००० रोजी 'डब्ल्यूथ्रीसी' या मानक-संस्थेने 'डॉम लेव्हल २ इव्हेंट्स' संमत केले. हा तहच होता. वार्ता आधी खाली उतरेल, लक्ष्यावर पोहोचेल, मग वर चढेल. दोन्ही पक्षांचा मान राखला गेला. नाव मात्र 'टार्गेट' हेच ठरले आणि पंचनामा फंक्शनच्या हातीच देण्याची रीत मान्य झाली.

७/ तहाचा अंमल रखडला. इंटरनेट एक्सप्लोररने 'ॲड-इव्हेंट-लिसनर' स्वीकारला तो नवव्या आवृत्तीत, २०११ साली. मधल्या काळात, २००६ पासून, जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने दुभाष्याचे काम केले : ब्राउझर कोणताही असो, पंचनामा एकाच नमुन्यात मिळे.

८/ आज 'ॲड-इव्हेंट-लिसनर'च्या तिसऱ्या जागी 'ट्रू' लिहिले तर नेटस्केपची वाट मिळते. काहीच न लिहिल्यास मायक्रोसॉफ्टची. दोन्ही जुने ब्राउझर अस्तंगत झाले, पण त्यांच्या तहाची कलमे आजही प्रत्येक क्लिकला लागू होतात.