पक्क्याची कुळी

'उद्या पक्का येतो' हा भरवसा मुळात चुलीवरचा आहे. संस्कृत 'पक्व' म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. प्राकृतात त्याची दोन रूपं झाली, 'पक्क' आणि 'पिक्क'. दुसऱ्याच्या वंशात आपलं 'पिकणं' आलं, पहिल्याच्या वंशात 'पक्का'. शिजलेला भात पुन्हा तांदूळ होत नाही, भाजलेली वीट पुन्हा चिखल होत नाही. माघार नसण्याची ही खूण लोकांनी हेरली आणि शब्द चुलीवरून उठला. रंग पक्का, शेर पक्का, सडक पक्की, मग माणूस आणि त्याचा शब्दही पक्का. इंग्रजांनीही तो उचलला. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे.

पुढे तो दप्तरात गेला आणि तिथे त्याचा अर्थ आवळला. कच्ची पावती वेगळी, पक्की वेगळी. शाई, सही, शिक्का असेल तेच पक्कं.

या आवळलेल्या अर्थाची झळ कशी बसते, ते धरणाखाली गेलेल्या गावांत दिसतं. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदाकाठचं मणिबेली हे सरदार सरोवर धरणात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९७९च्या नर्मदा लवादाने निवाड्यात बजावलं होतं की पुनर्वसन झाल्याखेरीज बुडवायचं नाही. पाणी मात्र पुनर्वसनाच्या पुढे धावलं. या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कितीतरी शेतं कागदोपत्री जंगल होती. सातबारा नाही, म्हणून अनेक कुटुंबं 'अघोषित', म्हणजे धरणग्रस्तांच्या यादीबाहेरची, ठरली. त्यांच्या शेतात ज्वारी पिकत होती, दप्तरात त्यांची शेतीच नव्हती. एकाच कुळातल्या 'पिकणं' आणि 'पक्का' या दोन शब्दांची अशी ताटातूट मला फार अन्यायाची वाटते.

मणिबेलीचं नाव १९९४मध्ये जगभर गेलं. 'मणिबेली जाहीरनाम्या'वर ४४ देशांतल्या ३२६ संघटना आणि गटांची संमती होती. जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा पुरवणं थांबवावं, ही त्यातली मागणी.

दप्तरातला 'पक्का' पुढे थोडा सैल झाला, तो २००६च्या वनहक्क कायद्याने. जंगलातली कसणूक सिद्ध करायला त्याच्या नियमांनी घर, विहीर, शेताचा बांध या खुणा पुरावा म्हणून धरल्या, आणि त्यांच्याबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही. दावेदार सोडून दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याने 'हे शेत यांचंच, मी पाहिलंय' असं सांगितलं, तर तेही आता दप्तरात दाखल होतं.