शुश्रूषागृहांतील बंदोबस्ताचा इतिहास

स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेवर हात उगारू लागला म्हणजे त्याचा बंदोबस्त कसा करावा, या प्रश्नाला पाश्चात्त्य देशांतील संस्थांनी दीर्घकाळ एकच उत्तर दिले, आणि ते म्हणजे त्याला बांधून ठेवावे.

या शिरस्त्याला मोठा हादरा दिला तो वेड्यांच्या इस्पितळांनी. इंग्लंडात लिंकन येथे रॉबर्ट गार्डिनर हिल यांनी केलेला बंधमुक्तीचा प्रयोग पाहून आलेले डॉ. जॉन कॉनोली १८३९ साली लंडननजीकच्या हॅनवेल येथील वेड्यांच्या इस्पितळात रुजू झाले आणि सुमारे ८०० रुग्णांच्या त्या अवाढव्य संस्थेतून त्यांनी चार महिन्यांच्या आत कातडी पट्टे व पायबेड्या हद्दपार केल्या. त्या धाडसाहूनही मला मोलाचा वाटतो तो, सेवक पुरेसे, सुस्वभावी आणि शिकवून तयार केलेले असावेत, हा त्यांचा आग्रह. कारण पट्टा सुटला की त्याचे काम माणसाच्या अंगावर येते.

अमेरिकेतील शुश्रूषागृहांत मात्र वृद्धांना खुर्चीला जखडण्याची वहिवाट विसाव्या शतकातही चालूच राहिली. शिस्तीसाठी वा नोकरवर्गाच्या सोयीसाठी कोणालाही बांधता कामा नये, असे तेथील कायद्याने फर्माविले ते १९८७ साली.

तरीही परिचारिकांचा मार चुकत नसे, आणि तो त्यांना बहुधा न्हाणीघरात बसे. समोरची बाई कोण हे ज्या वृद्धेला उमगत नाही, तिची वस्त्रे भराभर उतरवून थंड फरशीवर तिच्या मस्तकावर पाण्याची धार सोडली, तर ती ओरबाडील, चावेल, यात नवल कसले? तो हल्ला नव्हे, तिच्या समजुतीप्रमाणे तो आत्मरक्षणाचा प्रयत्न असतो. डॉ. फिलिप स्लोन व त्यांचे सहकारी यांनी १५ शुश्रूषागृहांतील ६९ वृद्धांवर केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बिछान्यातच ऊबदार ओल्या पंच्याने सर्वांग झाकून, धुवावा न लागणारा साबण वापरून, पंच्याखालूनच हळूहळू अंग चोळण्याची रीत योजली, तेव्हा आक्रमक प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. ज्यांना फवाऱ्याखालीच, पण त्यांच्या कलाने न्हाऊ घातले, त्यांच्या बाबतीतही ही घट ५३ टक्के होती.

हे कौशल्य ज्या हातांनी दाखवावयाचे त्या मदतनीस परिचारिकांसाठी १९८७ च्या त्याच कायद्याने प्रशिक्षणाची किमान मुदत ठरविली ती ७५ तासांची, म्हणजे आठवड्यास ४० तास धरले तर पुरत्या दोन आठवड्यांचीही नाही. आणि ओरखडे उठतात ते त्यांच्याच मनगटांवर.